विजेची वाट

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारगाडी कोणत्या शक्तीवर चालावी, या प्रश्नाचा निकाल लागलेला नव्हता. १९०० साली अमेरिकेत सुमारे ४,२०० मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी दीड हजारांहून अधिक विजेच्या होत्या, वाफेच्या त्यांहून किंचित जास्त होत्या, आणि पेट्रोलच्या मात्र हजाराच्याही आत होत्या. आदल्याच वर्षी जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने विजेच्या गाडीतून ताशी १०० किलोमीटरांची मर्यादा प्रथम ओलांडली होती. पेट्रोलची गाडी हातदांडा फिरवून सुरू करावी लागे. विजेची गाडी कळ फिरविताच निघे. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, १९१२ साली कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर बसला आणि पारडे फिरले. विजेच्या गाडीवर मात करण्यासाठी पेट्रोलच्या गाडीला विजेचेच साहाय्य घ्यावे लागले!

त्या वेळी एखाद्या देशाने निराळा कौल दिला असता तर काय घडले असते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मुंबईकडे पाहणे उद्बोधक ठरेल. कारण या शहराने तो कौल निदान अर्धा तरी दिलाच होता.

मुंबईत ९ मे १८७४ रोजी सुरू झालेल्या ट्रामचे घोडे सुटले आणि ७ मे १९०७ पासून ती विजेवर धावू लागली. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे केंद्र सुरू झाले. लोणावळ्याच्या परिसरात अडविलेले पावसाचे पाणी सतराशे फूट खाली उतरू लागले आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची आगगाडी धावली. १९३० पर्यंत तारा पुणे व इगतपुरीस पोहोचल्या. बंगाल-बिहारच्या खाणी दूर, चढण अवघड आणि उपनगरांची गर्दी वाढती, अशा स्थितीत हा निर्णय व्यवहार्य होता. बोर आणि थळ घाटांत मालगाड्या ओढणाऱ्या त्या लांब नाकाच्या इंजिनांना लोक 'खेकडा' म्हणत. रेल्वेने पुढे ठाकुर्लीस कोळशावरचे वीजकेंद्रही उभारले. वीज पाण्याची असो वा कोळशाची, इंजिनाला त्याचे सोयरसुतक नव्हते. विजेचे खरे सामर्थ्य येथेच आहे: शक्तीचा उगम बदलला तरी गाडी बदलावी लागत नाही.

मग हेच रस्त्यावर का घडले नाही? आगगाडीला शक्ती तारेतून मिळते. मोटारीला ती सोबत वाहून न्यावी लागते, आणि शिशाच्या बॅटऱ्या फार जड. पेट्रोलच्या टंचाईमुळे जपानने १९४७ साली 'तामा' नावाची विजेची मोटार काढली. तिचा वेग ताशी ३५ किलोमीटरांच्या आसपास होता. कोरियन युद्धात शिसे महागले, पेट्रोल मिळू लागले आणि तिचे दिवस संपले. तेव्हा घरोघरी विजेची मोटार असलेल्या देशाचे चित्र मनोहर असले, तरी त्या काळच्या बॅटरीला ते पेलणारे नव्हते.

तारेखालून जाणाऱ्या सार्वजनिक वाहनांची गोष्ट मात्र निराळी. ती कल्पना नव्हती. ती मुंबईत धावत होती. ११ जून १९६२ रोजी शहरात ट्रॉलीबस आली. परंतु वाढत्या रहदारीत ट्राम संथ आणि अडचणीची वाटू लागली होती. ३१ मार्च १९६४ रोजी तिची अखेरची फेरी झाली, आणि १९७१ साली ट्रॉलीबसही थांबली. रूळ उखडले गेले, तारा उतरल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७३ च्या ऑक्टोबरात, अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि जगभर त्याचे भाव कडाडले. रुळांवरच्या लोकलगाड्या विजेवर धावतच राहिल्या. रस्त्यावरच्या बसगाड्यांना मात्र डिझेलवाचून गत्यंतर उरले नव्हते.

२०१७ साली मुंबईच्या रस्त्यांवर विजेच्या बसगाड्या आल्या, त्या बॅटरीवर चालणाऱ्या. विजेने रस्त्यावर धावणे या शहराला नवे नव्हते. ज्या शहराने विजेची वाट इतक्या लवकर धरली होती, त्याला रस्त्यावर ती पुन्हा सापडण्यास सेहेचाळीस वर्षे लागली.