ठाणे-कल्याण मार्गावरील वाफेचा अस्त

बोरीबंदरहून निघालेली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यास पोहोचली, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने, १४ डबे, सुमारे ४०० प्रवासी आणि ३४ किलोमीटरचे अंतर हा तपशील दरवर्षी एप्रिल महिन्यात न चुकता छापून येतो. १ मे १८५४ रोजी हा मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. वाफेचे इंजिन या पट्ट्यात कसे आले, याविषयी असे भरभरून लिहिले गेले. ते येथून गेले कसे, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

देशात ब्रॉडगेजवरील वाफेची शेवटची नियमित गाडी ६ डिसेंबर १९९५ रोजी पंजाबात धावली. ठाणे-कल्याणच्या मुख्य मार्गावरील वाफेची सद्दी त्यापूर्वी सुमारे ६५ वर्षे, म्हणजे १९३० च्या सुमारासच संपली होती. या लवकर आलेल्या अस्ताचे मुख्य कारण शोधायचे तर कल्याणच्या पलीकडील सह्याद्रीकडे पाहावे लागते.

कल्याणला लोहमार्ग दुभंगतो. एक फाटा बोरघाटातून पुण्याकडे, तर दुसरा थळघाटातून इगतपुरीकडे जातो. दोन्ही घाटांत ३७ फुटांमागे १ फूट इतका खडा चढ आहे. जड गाडी वर नेण्यासाठी मागून जोर देणारी जादा इंजिने लावावी लागत. बोरघाटात तर एका ठिकाणी गाडी थांबवून, इंजिनाची दिशा बदलून पुढची चढण सुरू करावी लागे. बोगद्यांतील धुराचा जाच वेगळाच. मुंब्र्याचा वळसा टाळणारा सुमारे १.३ किलोमीटरचा पारसिक बोगदा १९१६ मध्ये खुला झाला, तेव्हाही या मार्गावर वीज येण्यास दशकभराचा अवकाश होता.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातील पहिली विजेची गाडी धावली. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी तिचे उद्घाटन केले. तारेतील दाब १५०० व्होल्ट डीसी होता. पुढील पाच वर्षांत या तारा ठाणे-कल्याण ओलांडून पुणे आणि इगतपुरीपर्यंत पोहोचल्या. बोरघाटातील दिशाबदलाचे स्थानकही १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे कालबाह्य झाले. मालगाड्यांसाठी आलेली ४१ विद्युत इंजिने त्यांच्या चालीमुळे आणि कण्हल्यासारख्या आवाजामुळे रेल्वे कर्मचाऱ्यांत ‘खेकडा’ या नावाने ओळखली गेली. त्यांपैकी एक वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात आजही पाहता येते. १ जून १९३० रोजी सुरू झालेली ‘डेक्कन क्वीन’ विजेवरच धावू लागली.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. रुळांवरील वाफ गेली तरी जिल्ह्यातील वाफ गेली नाही. तिने केवळ जागा बदलली. विजेच्या गाड्यांना लागणाऱ्या विजेसाठी जी.आय.पी. रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळे येथे स्वतःचे औष्णिक वीज केंद्र उभारले. दूरवरच्या खाणींतून वाघिणींमधून आलेला कोळसा तेथे जळे, बॉयलरमध्ये वाफ तयार होई, तिच्यावर जनित्रे फिरत आणि त्या विजेवर गाड्या धावत. पूर्वी प्रत्येक इंजिनाच्या धुराड्यातून मार्गभर पसरणारा धूर आता ठाकुर्ली-डोंबिवलीच्या माथ्यावर एकाच ठिकाणी सोडला जाऊ लागला. १९८० च्या दशकात हे केंद्र बंद पडले. या परिसरातील वाफेच्या युगाची खरी अखेर मानायची तर ती तेव्हाची मानावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पहिल्या गाडीच्या आठवणी जपणाऱ्या आपल्या शहरांनी चोळ्याच्या पॉवर हाऊसकडे पुरेशा आस्थेने पाहिले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

ब्रिटन-अमेरिकेत वाफेची अखेर आणि प्रवासी गाड्यांची घसरण या दोन्ही गोष्टी विसाव्या शतकाच्या मध्यास जवळपास एकाच वेळी घडल्या. मोटारींनी प्रवासी पळवले. ब्रिटनमध्ये १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर असंख्य लहान स्थानके बंद झाली आणि १९६८ मध्ये मुख्य मार्गांवरील वाफही थांबली. ठाणे जिल्ह्यात नेमके उलटे घडले. वाफेच्या इंजिनाला पाणी भरावे लागे, राख काढावी लागे, अखेरच्या स्थानकावर ते सोडवून दुसऱ्या टोकास न्यावे लागे. विजेच्या लोकलला दोन्ही टोकांस चालकाची जागा असल्याने ती लगेच उलट फिरे, आणि थोड्या थोड्या अंतरावरील थांब्यांनंतर झपाट्याने वेगही घेई. मुंबईत नोकरी आणि डोंबिवलीत बिऱ्हाड ही व्यवस्था रोजच्या रोज निभावणे यामुळेच शक्य झाले. त्यात फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तेथे उल्हासनगर वसले. प्रवासी घटण्याचा प्रश्नच नव्हता. गाड्या अपुऱ्या पडू लागल्या. १९२५ मध्ये ४ डब्यांची असलेली लोकल १९२७ मध्ये ८, १९८६ मध्ये १२ आणि २०१२ मध्ये १५ डब्यांची झाली, तरी दारातली गर्दी हटली नाही.

या काळात ओसरली ती वरच्या वर्गांची मिजास. ‘डेक्कन क्वीन’मध्ये आरंभी केवळ पहिला व दुसरा वर्ग होता. १ जानेवारी १९४९ पासून तिचा पहिला वर्ग रद्द झाला, दुसऱ्यालाच पहिला म्हटले जाऊ लागले आणि जून १९५५ मध्ये या गाडीत प्रथमच तिसऱ्या वर्गाचे डबे जोडले गेले.

कल्याणहून नाशिक-भुसावळकडे जाणाऱ्याची वाफेशी गाठ मात्र पुढेही पडत राहिली. इगतपुरीला तार संपे, विजेचे इंजिन सुटे आणि वाफेचे जोडले जाई. १९६० च्या दशकाच्या अखेरीस भुसावळकडून २५ हजार व्होल्ट एसीची तार इगतपुरीला येऊन भिडली. त्याच दशकात, १४ ऑक्टोबर १९६१ रोजी, चित्तरंजन कारखान्यातून पंडित नेहरूंच्या हस्ते देशी बनावटीचे पहिले विद्युत इंजिन बाहेर पडले. ते १५०० व्होल्ट डीसीवर चालणारे, म्हणजे आपल्याच मार्गासाठी घडवलेले होते. त्याचे नाव होते ‘लोकमान्य’. ज्या डीसी तारेने ठाणे-कल्याणची वाफ हटवली, तीही पुढे एसीपुढे टिकली नाही. कल्याणकडील मुख्य मार्गावरून ती २०१५ मध्ये, तर हार्बर मार्गावरून एप्रिल २०१६ मध्ये गेली.