वडिलांची उर्दू वही

दिवाळीच्या आधी आमच्या नांदेडच्या घरचा माळा झाडून काढण्याचा रिवाज आहे. यंदा त्या धुळीतून वडिलांची पदार्थविज्ञानाची वही निघाली. उजवीकडून डावीकडे जाणारे देखणे उर्दू अक्षर, मध्येच भिंगाची आकृती. माझी नात लातूरला वसतिगृहात राहून वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करते. चार दिवसांसाठी घरी आली होती. वही चाळून ती म्हणाली, “आबा, पणजोबा एवढा अभ्यास करायचे, मग डॉक्टर का नाही झाले?”

लाडवाचे ताट पुढे सारून वेळ मारून नेता आली असती. परंतु मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवले, आणि ‘पोरगं रात्रंदिवस वाचतं, मग मार्क का पडत नाहीत?’ हा सवाल कितीतरी आईबापांनी मला केला. त्याचे उत्तर मी बहुतेक वेळा चुकीचेच दिले, हे आता कबूल करावयास हरकत नाही.

वडिलांचे आधी सांगतो. निजामाच्या राज्यात मराठवाड्याच्या मुलाला डॉक्टर व्हायचे तर वाट हैदराबादची, आणि ती उर्दूतून जाणारी. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवीत. घरी मराठी बोलणाऱ्या माझ्या वडिलांनी ती भाषा कंदिलाच्या उजेडात कमावली. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले. त्या मुक्तीचा आनंद वडिलांना कोणाहून कमी नव्हता. दर १७ सप्टेंबरला ते नवा सदरा घालीत. पण पुढे उच्च शिक्षणात उर्दूच्या जागी इंग्रजी आली. शास्त्र त्यांना येत होते. ज्या शब्दांत येत होते, ते शब्द बाद झाले. ते तहसिलीत कारकून झाले.

पुढे दारे उघडत गेली. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९५६ साली तेव्हाच्या औरंगाबादेत मराठवाड्याचे पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. मग अंबाजोगाई, नांदेडला १९८८ साली, लातूरला तर २००२ साली.

मात्र लातूर त्याच्या आधीच गाजले होते. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांच्यामागून प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात जी शिस्त बसली, तिला लोक ‘लातूर पॅटर्न’ म्हणू लागले. अभ्यासक्रम लवकर संपवायचा आणि उरलेले महिने घड्याळ लावून प्रश्नपत्रिका सोडवायच्या. पेपर तपासून हाती आला की चूक कोठे झाली ते पाहून पुन्हा लिहायचा. पुण्यामुंबईच्या मंडळींनी त्याला घोकंपट्टी म्हणून नाके मुरडली. मला ते अन्यायाचे वाटते. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रयोगाने दाखविले की, पुनःपुन्हा वाचणाऱ्याला लगेच अधिक आठवते खरे, पण आठवड्यानंतर स्वतःची परीक्षा घेणारा पुढे असतो. आमच्या लातूरकरांना हे आधीच उमगले होते. नाके मुरडणाऱ्यांनी गुणवत्ता यादीत लातूरची नावे मोजली, पेपर किती वेळा लिहिले जातात ते कोणी मोजले नाही.

फक्त, ती सारी तालीम बोर्डाच्या लेखी उत्तराची होती. नव्वदीचे दशक सरताना वैद्यकीय प्रवेशासाठी राज्याची सीईटी आली आणि चार पर्यायांतून एक निवडायचा खेळ सुरू झाला. लातूरने तोही आत्मसात केला. मग ११ एप्रिल २०१६ चा दिवस उजाडला. दुष्काळाने तहानलेल्या लातूरसाठी पाण्याची पहिली रेल्वे मिरजेहून निघाली ती त्या दिवशी. आणि त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ चा आपला निकाल मागे घेऊन ‘नीट’ची वाट मोकळी केली. राज्याच्या जागांना एक वर्ष सवलत मिळाली. २०१७ पासून नीट सर्वांना लागू झाली.

त्या वर्षी कंधार तालुक्यातली एक मुलगी निवृत्तीनंतरही माझ्याकडे येत असे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पहाटे चारला उठणारी. सराव चाचणीत गुण घसरले की मी म्हणे, “अजून दोन तास वाढव.” ती वाढवी. पुस्तक इतक्या वेळा वाचलेले की पान डोळ्यांसमोर उभे राही. आणि पान ओळखीचे वाटणे म्हणजेच येणे, असा आम्हा दोघांचा समज. सीईटीत चुकीला दंड नव्हता. नीटमध्ये बरोबरला चार गुण आणि चुकीला एक वजा. हिशेब केला तर अगदी डोळे मिटून चार उत्तरे ठोकणाराही तोट्यात जात नाही: एक बरोबर आले तर चार, तीन चुकली तर वजा तीन. बुडतो तो अर्धवट आठवणारा. फसवे पर्याय त्याच्यासाठीच रचलेले असतात. शिवाय अकरावीचे वर्ष आम्ही निम्मे विश्रांतीचे मानीत असू. नीटला अकरावीही लागते, आणि तीही एनसीईआरटीच्या पुस्तकांच्या वळणाची. १८० प्रश्न, १८० मिनिटे. मुलीने चुकांची वही करावी, कोणती चूक न समजल्याने आणि कोणती घाईने झाली ते वेगळे काढावे, हे मला सुचलेच नाही. तिचा नंबर लागला नाही. ती मला दोष देत नाही, म्हणून अधिक बोचते.

आणखी एक गोष्ट आईबापांना सांगावीशी वाटते. ही पास-नापासाची परीक्षा नव्हे, रांगेची आहे. २०२४ साली देशभरात २३ लाखांहून अधिक मुले बसली. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. सारीच दुप्पट राबली तरी जागा तेवढ्याच राहणार. २०२० पर्यंत तर राज्यात ७०:३० ची पद्धत होती. ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांच्या. मराठवाड्यात महाविद्यालये थोडी, म्हणून आमच्या मुलांची रांग लांब. सप्टेंबर २०२० मध्ये ती पद्धत गेली.

हे सारे मी नातीला सांगितले, कंधारच्या मुलीचेही. ती उठली आणि बॅगेतून एक दोनशेपानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. पानोपानी लाल शाईत तिच्या स्वतःच्या चुका, तारखांसह. “सरांनी करायला लावली,” ती म्हणाली, “पण भौतिकीची पानं फार झालीत, आबा.” मी चष्मा लावला. भिंगाच्या सूत्रात तिची चिन्हांची चूक सात वेळा झाली होती. वडिलांच्या वहीतली आकृती आम्ही शेजारी ठेवून पाहिली. उर्दू मला वाचता येत नाही, पण किरण कोठे वळतात ते कळत होते. भाऊबीज आटोपून ती दुपारच्या एसटीने लातूरला गेली. रविवारी तिचा पेपर होता.