बुशिदो

बुशिदो : जपानमधील सामुराई या योद्धावर्गाची आचारसंहिता व तिच्यामागील नीतिकल्पना. या संज्ञेचा अर्थ ‘योद्ध्याचा मार्ग’ असा होतो. बाराव्या शतकाच्या अखेरीस मिनामोतो योरितोमोने कामाकुरा येथे लष्करी सत्ता स्थापली. तेव्हापासून १८६८ च्या मेइजी पुनःस्थापनेपर्यंत जपानच्या राज्यकारभारात सामुराईंचे वर्चस्व राहिले. एवढ्या दीर्घ काळात सर्व सामुराईंना मान्य असलेला एखादा संहिताग्रंथ मात्र कधीच तयार झाला नाही. सरदार घराण्यांचे उपदेश, शोगुनांचे (लष्करी शासकांचे) कायदे, कन्फ्यूशियन पंडितांचे लेखन व झेन पंथातील मनोनिग्रह यांतून ही नीती घडत गेली, आणि तिच्या अर्थाविषयी सामुराईंमध्येच कडाक्याचे वाद झाले. सद्गुणांच्या यादीपेक्षा या वादांतूनच बुशिदोचे खरे स्वरूप कळते.

आरंभीच्या काळात स्वामिनिष्ठा हा देवाणघेवाणीचा व्यवहार होता. स्वामीने जमीन व संरक्षण द्यावे, सेवकाने त्याच्यासाठी लढावे, अशी ती रीत. १२३२ साली होजो यासुतोकीने केलेल्या ‘गोसेइबाइ शिकिमोकु’ या ५१ कलमी कायद्यात जमीन, वारसा आणि हक्क यांचे तंटे ठळकपणे येतात. १२७४ च्या मंगोल स्वारीत लढलेल्या ताकेझाकी सुएनागा या क्यूशू बेटावरील सामान्य सामुराईला बक्षीस मिळाले नाही. घोडा व खोगीर विकून त्याने वाटखर्च उभा केला, थेट कामाकुरा गाठले आणि आपल्या पराक्रमाची दाद मागून जमिनीचा अधिकार पदरात पाडून घेतला. या साऱ्या प्रकाराची चित्रे त्याने अभिमानाने रंगवून घेतली. हक्काचा मोबदला मागण्यात त्याला कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. पुढे सेंगोकू काळातील अंतर्गत युद्धांत पक्षांतर नित्याचेच झाले. १६०० सालच्या सेकिगाहाराच्या निर्णायक लढाईत कोबायाकावा हिदेआकी ऐन रणात उलटला, म्हणूनच तोकुगावा इएयासूचे पारडे जड झाले.

तोकुगावा राजवटीत (१६०३–१८६८) युद्धे थांबली. तलवारींची जोडी कमरेला लावण्याचा मान कायम राहिला, पण तांदळाच्या तनख्यावर जगणारा सामुराई हळूहळू कारकून व कारभारी बनला. शेती, कारागिरी किंवा व्यापार न करणाऱ्या या वर्गाने समाजाचे अन्न कशाच्या बळावर खावे, हा प्रश्न यामागा सोको (१६२२–८५) या विचारवंताने विचारला. इतरांना स्वतःच्या आचरणाने धर्म दाखवणे हेच सामुराईचे काम, असे उत्तर त्याने दिले. बुशिदोच्या इतिहासातील हा सर्वांत प्रामाणिक प्रश्न म्हणावा लागेल. शोगुनांनीही योद्ध्यांना वळण लावले. १६१५ च्या ‘बुके शोहात्तो’ या कायद्याच्या पहिल्याच कलमात शस्त्राबरोबर विद्याभ्यासही बंधनकारक ठरला, तर १६६३ मध्ये स्वामीच्या मृत्यूनंतर सेवकाने प्राणत्याग करण्याच्या प्रथेवर बंदी आली. या बंदीमुळे सागा संस्थानातील यामामोतो त्सुनेतोमोला १७०० साली आपल्या स्वामीमागून मरता आले नाही. तो भिक्षू झाला आणि त्याच्या संभाषणांतून पुढे ‘हागाकुरे’ हा ग्रंथ सिद्ध झाला. मृत्यूला सदैव सामोरे जाण्याची त्यातील शिकवण जगभर गाजली, पण ती सांगणाऱ्याने प्रत्यक्ष रणांगण कधी पाहिले नव्हते.

आको प्रकरणात या नीतीची कसोटी लागली. १७०१ मध्ये आको संस्थानचा अधिपती आसानो नागानोरी याने शोगुनच्या एदो येथील किल्ल्यात किरा योशिनाका या दरबारी अधिकाऱ्यावर शस्त्र उपसले. त्याच दिवशी त्याला सेप्पुकू, म्हणजे पोट चिरून प्राणत्याग, करावा लागला व संस्थान खालसा झाले. आसानोचा सेवक ओइशी कुरानोसुके व त्याच्या साथीदारांनी जवळजवळ दोन वर्षे वाट पाहिली, १७०३ च्या आरंभी किराचे शिर कापले आणि ते सेंगाकुजी मंदिरातील स्वामीच्या थडग्यापुढे ठेवले. हे धर्माचरण की कायदेभंग? यामाझाकी आन्साइ या एकाच गुरूचे दोन शिष्य परस्परांविरुद्ध उभे राहिले : आसामी केइसाइने त्यांना धर्मवीर म्हटले, सातो नाओकाताने ते साफ नाकारले. त्सुनेतोमोचा आक्षेप वेगळाच होता. दरम्यान किरा आजाराने मेला असता तर काय, असे तो विचारी. सूड तत्काळ घ्यायला हवा होता. शोगुनशाहीने ४६ जणांना गुन्हेगार म्हणून शिरच्छेद न करता सेप्पुकूची मुभा दिली. कायदाही राहिला, मानही राहिला.

न्याय, धैर्य, करुणा, विनय, सत्यनिष्ठा, प्रतिष्ठा आणि स्वामिनिष्ठा या सात सद्गुणांची आज रूढ असलेली मांडणी प्रामुख्याने नितोबे इनाझो (१८६२–१९३३) यांच्या १९०० च्या सुमारास अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पुस्तकामुळे पसरली. मोरिओकाच्या सामुराई कुटुंबात जन्मलेले नितोबे ख्रिस्ती क्वेकर होते. जपानला धर्मशिक्षणाविना नीती कशी लाभली, हे त्यांना पाश्चात्त्य वाचकांना समजावून सांगायचे होते. तोवर सामुराई वर्ग इतिहासजमा झाला होता : १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती आली आणि १८७६ मध्ये तलवार बाळगण्यास मनाई झाली. नितोबेंचे पुस्तक जिव्हाळ्याने लिहिलेले आहे, तथापि ते मध्ययुगाचे ऐतिहासिक चित्र म्हणून वाचू नये.

राज्यसंस्थेने या नीतीचा वेगळाच उपयोग केला. १८८२ च्या सम्राटाच्या फर्मानाने निष्ठा, शिस्त व शौर्य हे गुण सरसकट प्रत्येक सैनिकावर बंधनकारक केले. १९४१ च्या ‘सेंजिनकुन’ या युद्धसंहितेत कैदी होण्याची नामुष्की पत्करू नये असे बजावले गेले, आणि दुसऱ्या महायुद्धात असंख्य सैनिकांनी शरणागतीऐवजी मरण निवडले. पराभूतांनी शरण जाऊन नव्या स्वामीची चाकरी करणे सेंगोकू काळात सर्रास चाले. त्यामुळे या मृत्यूंचे खापर जुन्या सामुराई परंपरेवर फोडणे अन्यायाचे आहे. ती जबाबदारी विसाव्या शतकातील लष्करी नेतृत्वाची होती.