कानाचे मोल

सोलापूरच्या इतिहासात डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींची नोंद भरपूर झालेली आहे. भुईकोट किल्ला आहे, सिद्धेश्वराचे तळे आहे, १९३० चा मार्शल लॉ आहे. परंतु या शहराला कानांनी ऐकावयाचाही एक इतिहास आहे, आणि तो व्याख्यानांतून क्वचितच सांगितला जातो. गिरणीच्या भोंग्यावर घरातली चूल पेटविणारे हे गाव. पूर्व भागात तर मागांची खडखड थांबली म्हणजे माणसे झोपेतून जागी होत. त्या आवाजाला ज्यांनी आपले कान दिले, त्यांच्या कानात पुढे बसवावयाच्या यंत्राचे पैसे कोणी द्यावयाचे, हा आमचा आजचा विषय होय. विषय लहान आहे असे कोणास वाटेल. पण भरपाई म्हणजे काय, विमा म्हणजे काय आणि मदत म्हणजे काय, या तिन्ही शब्दांतील अंतर समजून घ्यावयास याहून जवळचे उदाहरण आम्हांस तरी सापडलेले नाही.

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे आपली ‘जुनी मिल’, १८७७ साली सुरू झाली. तिच्यामागून नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. सूत काढण्याच्या खात्यात धूळ अधिक, तर विणकामाच्या खात्यात आवाज अधिक. लाकडी धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा या टोकाहून त्या टोकाला फेकला जातो आणि दर वेळी पेटीवर आपटतो. आणि असे शेकडो माग एका छपराखाली. तेथे बोलणे म्हणजे ओठांची हालचाल आणि हातांच्या खुणा. ही खुणांची भाषा काही सोलापूरचीच नव्हे. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांतील विणकर बायका ओठ मोठे हलवून एकमेकींशी बोलत, आणि त्या रीतीला तिकडे एक वेगळे नावच पडले होते. आवाजाने कान जातात हे शहाण्यांना ठाऊक नव्हते असेही नाही. इटलीतील रामाझिनी या वैद्याने अठराव्या शतकाच्या आरंभीच तांबटांच्या बहिरेपणाविषयी लिहून ठेवले आहे. आपल्याकडे तांबट आळीजवळ राहणाऱ्या कोणालाही त्यासाठी ग्रंथ उघडावा लागला नसता.

कान जातो कसा, हे थोडे पाहिले पाहिजे, कारण कायद्याचा पुढचा सारा घोळ त्यातूनच निघालेला आहे. आतल्या कानात शंखाच्या आकाराची एक नळी असते आणि तिच्यात केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. मोठ्या आवाजाखाली त्या वर्षानुवर्षे झिजतात, मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. प्रथम जातात ते उंच सूर, ४००० हर्ट्झच्या आसपासचे. त्यामुळे माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. स, श, त, क ही व्यंजने गळून पडतात. समोरचा ‘साठ’ म्हणाला की ‘पाठ’, याचा उलगडा होत नाही. असा मनुष्य आपण बहिरे झालो असे कधीच म्हणत नाही. लोक अलीकडे पुटपुटू लागले आहेत असे तो म्हणतो. घरचे चिडतात, नातवंडे बोलणे टाळतात, आणि तो हळूहळू पारावर जावयाचे सोडतो. यावर औषध नाही. असलेच तर यंत्र आहे, ज्याला आपल्याकडे सरसकट ‘कानाचे मशीन’ म्हणतात.

आता १९२३ सालचा कामगार भरपाई कायदा घ्या. यंत्रात हात गेला, बोट तुटले, तर मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व त्याने या देशात रुजविले, आणि ते मोठेच काम झाले. परंतु त्या कायद्याच्या मनात अपघात म्हणजे एक दिवस, एक वार, एक वेळ. धंद्यातून जडणाऱ्या रोगांनाही त्याने जागा दिली होती. पण आरंभीची यादी अगदी तोकडी होती, शिशाची व फॉस्फरसची विषबाधा आणि आन्थ्रॅक्स अशा रोगांपुरती. वीस वर्षे थोडाथोडा जाणारा कान कोणत्या तारखेला गेला? या प्रश्नाला मागवाल्याकडे उत्तर नव्हते, आणि कायद्याने ते विचारावयाचे सोडले नव्हते.

विमा आला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १९४३ साली सरकारने प्रा. बी. पी. अदारकर यांस कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्यास सांगितले, आणि १९४४ साली त्यांनी ती सादर केली. पहिला विचार त्यांनी ज्या धंद्यांचा केला त्यांत कापडधंदा होता. पुढे १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. महिना ४०० रुपयांपर्यंत वेतन असणारा, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि वीस किंवा अधिक माणसे असणाऱ्या कारखान्यातील कामगार त्यात आला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला. १९५४ साली ती नागपुरास व मुंबईस पोहोचली, आणि कालांतराने सोलापुरासही आली. होटगी रोडवरचे विम्याचे रुग्णालय त्याच योजनेचे. मालकाने काही भाग भरावयाचा, कामगाराने काही भरावयाचा, आणि आजारात जे मिळेल ते हक्काने मिळावयाचे. औषधाबरोबर कृत्रिम अवयव, चष्मा, दातांची कवळी आणि श्रवणयंत्र यांचाही पुढे त्यात समावेश झाला. कानाचे यंत्र मागताना हात पसरावा लागू नये, ही कल्पना आपल्या देशात प्रथम येथे आली, आणि म्हणून या योजनेविषयी आम्हांला आदर आहे, तिच्या दवाखान्यांतील रांगा ठाऊक असूनही!

त्याच १९४८ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, आणि तिने मेडरेस्को नावाचे एक यंत्र सर्व गरजू नागरिकांना फुकट देण्यास प्रारंभ केला. वैद्यकीय संशोधन परिषदेने आराखडा केलेले, छातीवर पेटी आणि कानात बोंडी असे ते अवजड यंत्र. तेथे पात्रता एकच होती, ऐकू न येणे. आमच्याकडे पात्रता हजेरीपटावरील नावाची होती. दोन्ही देशांच्या तिजोरीत तेव्हा किती अंतर होते हे विसरून तुलना करणे अन्यायाचे होईल. तरीपण हा फरक लक्षात ठेवावा, कारण सोलापुरात नेमका हजेरीपटच टिकला नाही.

१९४९ च्या ऑगस्टमध्ये जुनी मिल बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. त्यावर भागधारक न्यायालयात गेले. १९५० च्या डिसेंबरात चिरंजीतलाल चौधरी यांच्या अर्जाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. १९५३ च्या डिसेंबरात द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात, प्रत्येक विशेष भागावर पन्नास रुपये भरण्याची जी मागणी झाली होती, ती भागधारकाच्या बाजूने निकालात निघाली. कायद्याचे विद्यार्थी हे निकाल आजही अभ्यासतात, आणि मालमत्तेच्या हक्काची चर्चा सोलापूरच्या नावावाचून पुरी होत नाही. एका भागामागे पन्नास रुपयांचा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे गेला, हे योग्यच झाले. त्याच गिरणीच्या विणकामखात्यातील कानांचे मोल त्या वेळी कोणत्याही हिशेबवहीत मांडलेले नव्हते.

कायद्याला कान फुटले ते फार उशिरा. १९८४ च्या दुरुस्तीने १९२३ च्या कायद्यातील धंदेरोगांच्या यादीची नव्याने मांडणी झाली आणि तीत आवाजामुळे आलेला श्रवणदोष दाखल झाला. १९८७ साली कारखाने कायद्याच्या सूचनीय रोगांतही तो आला. म्हणजे आता भरपाई मागता येऊ लागली. पण मागितली किती जणांनी? नागपूरच्या राष्ट्रीय खनिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २००८ साली नमूद केले की या देशात अशा श्रवणदोषाला पहिली भरपाई मिळाली ती १९९६ साली. याचे कारण अज्ञान हे तर आहेच, पण एक कलमही आहे. काम सोडल्यावर रोगाची लक्षणे दिसली तर ती दोन वर्षांच्या आत दिसली पाहिजेत, अशी जुन्या भरपाई कायद्याची अट होती. विणकर साठीला आला म्हणजे त्याच्या झिजलेल्या कानात वयाची झीज मिसळते, आणि तेव्हा कोठे घरचे त्याला डॉक्टरकडे नेतात. दोन वर्षे तर केव्हाच उलटून गेलेली असतात. शिवाय समोरचा वकील विचारणार, की हा मागाचा बहिरेपणा कशावरून, म्हातारपणाचा कशावरून नव्हे? ज्याच्या कानाची तरुणपणी एकदाही तपासणी झाली नाही, त्याने काय दाखवावे?

मधल्या काळात गिरण्याच गेल्या. माग मात्र गेले नाहीत. ते गिरणीतून निघून पूर्व भागातील घरांत, गाळ्यांत आणि अक्कलकोट रोडच्या वसाहतीत शिरले. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांचे नाव देशोदेशी झाले ते या यंत्रमागांवर. पण एका छपराखाली चार-सहा माग, माणसे मोजकी. विमा कायद्यातील वीस माणसांची अट १९८९ च्या दुरुस्तीने दहावर आली, तरीही लहान कारखाना तिच्याबाहेरच राहतो, आणि मोठा कारखानाही कागदोपत्री लहान करता येतो, हे येथील श्रोत्यांना आम्ही सांगावयास नको. १९४८ च्या कायद्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. धोटा मात्र तसाच आपटतो आहे. आठ तासांना ९० डेसिबल ही कारखान्यांसाठी धरलेली मर्यादा धोट्याच्या मागांचे खाते सहज ओलांडते, मग माग चार असोत की चारशे. लहान गाळ्यात तर पत्र्याचे छप्पर आणि भिंती तोच आवाज पुन्हा अंगावर टाकतात, आणि भिंतीपलीकडे कारखानदाराचे स्वतःचे घर असते. तेथील बायकामुलांचे कान कोणत्याच पटावर नाहीत.

येथून पुढचा इतिहास मदतीचा आहे. अपंगांना साधने देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ पासून चालू आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्यात तयार होणारी यंत्रे शिबिरांतून वाटली जातात. २०२२ च्या सुधारणेनंतर महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यास साधन पूर्ण फुकट आणि ३०,००० पर्यंत अर्ध्या किमतीत, अशी तिची मर्यादा आहे. १९८३ साली मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था निघाली आणि श्रवणतपासणीचे शास्त्र शिकलेली माणसे तयार होऊ लागली. ही सगळी कामे चांगली झाली. पण त्यांच्या दारावर अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची चौकट आहे. २०१६ च्या कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत बोलण्याच्या सुरांत ६० डेसिबलांची हानी झाली म्हणजे मनुष्य श्रवणदोषी ठरतो. मागाने प्रथम नेलेले उंच सूर या हिशेबात फारसे येत नाहीत. त्यामुळे सिव्हिल हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा विभागात तपासणीला आलेला विणकर बाजारात ऐकू न येण्याइतका बहिरा आणि प्रमाणपत्र न मिळण्याइतका चांगला, असा मध्येच अडकू शकतो.

आरोग्यविम्याचे म्हणाल, तर २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. हृदयाची, मेंदूची शस्त्रक्रिया गरिबाच्या आवाक्यात आली, हा तिचा उपकार लहान नाही. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. पण असला विमा रुग्णालयातील खाटेभोवती बांधलेला असतो, आणि कानाचे मशीन घेण्यास कोणी खाटेवर निजत नाही. खाजगी विम्याची कथा याहून सरळ आहे: विमा नियामकाने २०१३ साली न द्यावयाच्या खर्चांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत चष्म्याच्या शेजारी श्रवणयंत्र होते.

अलीकडची मदत म्हाताऱ्यांसाठी आहे. २०१७ पासून केंद्राची वयोश्री योजना दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना साधने देते. २०२४ साली आपल्या राज्याने मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. पासष्ट वर्षे पुरी झालेल्या आणि वर्षाला दोन लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यास चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमरेचा पट्टा अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये बँकेच्या खात्यात मिळतात. तीन हजारांत खिशात ठेवावयाचे पेटीचे साधे यंत्र येऊ शकते. बोलणे निवडून देणारे, कानामागे बसणारे डिजिटल यंत्र एका कानाला दहा-वीस हजारांपासून पुढे जाते, आणि मग बॅटऱ्या, कानाच्या मापाचा साचा, वरचेवरची जुळवणी. फुकट मिळालेली कित्येक यंत्रे पेटीत पडून राहतात ती या वरखर्चापायी, आणि कोणी नीट बसवून न दिल्यामुळे. तीन हजार घेऊन घरी आलेल्या विणकराला आम्ही कमी लेखत नाही. परंतु ते त्याला मिळाले आहेत म्हातारा म्हणून आणि गरीब म्हणून. त्या योजनेच्या अटींत वय आहे, उत्पन्न आहे. मागावर किती वर्षे काढली, हा प्रश्न नाही.

जे आज मागावर उभे आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी करण्यासारख्या आहेत, आणि त्यांना लाखो रुपये लागत नाहीत. कामावर लागताना एकदा आणि पुढे दर वर्षी एकदा कानाची तपासणी व्हावी, आणि तिचा आलेख कारखानदाराच्या कपाटात न राहता कामगाराच्या घरी रेशनकार्डाजवळ राहावा. आणि ज्याचे नाव विम्याच्या पटावर आहे, त्याने नोकरी सुटण्यापूर्वी तो आलेख घेऊन विम्याच्या दवाखान्यात जावे. पाच वर्षे विम्यात काढून वयपरत्वे निवृत्त झालेल्यास वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचे व जोडीदाराचे औषधपाणी चालू ठेवता येईल, अशी सोय जुन्या कायद्याखालच्या नियमांत होती. ती ठाऊक नसल्यामुळे कित्येकांनी ते कार्ड निवृत्तीच्या दिवशीच ट्रंकेत टाकले.