वीस दाण्यांपासून आठ तोळ्यांपर्यंत

गांधींच्या आहारप्रयोगांच्या नोंदी वाचताना मी सुरुवातीला एक चूक केली. कच्च्या अन्नाचे त्यांचे दोन्ही प्रयोग मी एकाच खान्यात टाकले होते. मग नुसते नट्स बघितले, आणि हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे लक्षात आलं.

पहिला प्रयोग ऑगस्ट 1893 मधला, प्रिटोरियातला. वय 23. पहिल्या दिवशीच्या नोंदीत भिजवलेले गहू, वाटाणे, तांदूळ, बेदाणे, संत्री, कोको आणि साधारण वीस छोटे नट्स. बदाम, अक्रोड की आणखी काही? नोंदीत फक्त 'नट्स' एवढंच. गहू चमच्यांनी मोजलेत, नट्स नगावर! प्रयोग दोन आठवडेही टिकला नाही.

दुसरा प्रयोग 1929 चा. 'यंग इंडिया'त त्यांनी रोजचं प्रमाण छापलं: मोड आलेले गहू 8 तोळे, बदामाची चटणीसारखी वाटलेली पेस्ट 8 तोळे, वाटलेला पाला 8 तोळे, शिवाय लिंबं आणि मध. विस्तव लागलेलं फक्त पाणी. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळ पुढे येते. आठवड्यातून दोन-तीनदा गव्हाऐवजी मोडाचे हरभरे घ्यायचे, आणि त्या दिवशी बदामाऐवजी नारळाचं दूध. म्हणजे नट निवडायचा तो शेजारी कोणतं धान्य किंवा कडधान्य आहे ते बघून.

मधल्या काळात घडलं काय? 1912 मध्ये टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडलं. तेव्हापासून नट्स हे तोंडी लावणं राहिलं नाही, दुधाची जागा त्यांनी भरायची होती. आधी हे काम शेंगदाण्याकडे आलं, कारण तो स्वस्त. 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना ते मुख्यतः शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबं यांवर राहत होते. ते जास्त झालं, आमांश झाला, हे त्यांनीच आत्मकथेत कबूल केलंय. मग सणाच्या दिवशी कस्तुरबांनी केलेली लापशी आणि मूग खाल्ले आणि दुखणं जिवावर बेतलं. शेवटी मुंबईत डॉ. दलालांनी दुधाचा आग्रह धरला. नवस गायी-म्हशीच्या दुधाचा होता ना, मग शेळीचं का नको, ही वाट कस्तुरबांनी काढून दिली. गांधींनी ती घेतली, पण ती सल त्यांच्या मनातून गेली नाही.

म्हणून 1929 चे बदाम मला आरोग्याच्या फॅडपेक्षा त्या सलीचा भाग वाटतात. आठ तोळे म्हणजे सुमारे 93 ग्रॅम. आजच्या तक्त्यानुसार त्यात साधारण 20 ग्रॅम प्रथिनं येतात, म्हणजे हिशोब अगदीच हवेतला नव्हता. अडचण दुसरीकडे होती. गरिबाला परवडेल असं अन्न शोधायचं आणि त्यात रोज मूठ-मूठभर बदाम घालायचे, हे जुळत नाही. त्या मानाने किनारपट्टीवरच्या माणसाला हरभरा-नारळाची जोडी कितीतरी जवळची.

ऑगस्ट 1929 मध्ये पुन्हा आमांश झाला आणि ते पुन्हा शेळीच्या दुधावर आले.

1942 मध्ये पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावरचं पुस्तक लिहायला घेतलं. दुधाला वनस्पतींमधला पर्याय कुठला, हा प्रश्न त्यातही आहे.