इंकजेट प्रिंटर : छपाईतील दोषांचे निदान

घरगुती इंकजेट प्रिंटरमधून निघालेल्या पानावरील पट्टे, फिकटपणा, बदललेले रंग, दुहेरी रेघा, डाग अशा खुणांवरून बिघाडाचे मूळ शोधण्याची पद्धत. हे मूळ शाईच्या वाटेत, कागदाच्या वाटेत, हेडच्या हालचालीत किंवा संगणकावर केलेल्या निवडीत असते. दोष कोणत्या दिशेने जातो, किती अंतराने पुन्हा येतो आणि कोणत्या रंगात आहे, हे पानावरच दिसते. तरीही बहुतेक घरांत पान न पाहताच ‘हेड क्लीनिंग’चे बटण दाबले जाते. या उपायाने शाई खर्ची पडते आणि दोष दुसरीकडे असेल, तर तो तसाच राहतो.

हेडच्या तळाशी केसाहून बारीक छिद्रांच्या, म्हणजे नोझलांच्या, रांगा असतात. हेड कागदाच्या रुंदीवर मागेपुढे धावते आणि कागद त्याच्याशी काटकोनात थोडाथोडा सरकतो. थेंब फेकण्याच्या दोन रीती रूढ आहेत. कॅनन आणि एचपी या कंपन्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वतंत्रपणे शोधलेल्या औष्णिक रीतीत सूक्ष्म तापक शाईत बुडबुडा निर्माण करतो व तो थेंबाला बाहेर ढकलतो. एप्सनच्या प्रिंटरांत पिझोविद्युत् घटक विजेच्या स्पंदाने आकार बदलून शाई दाबतो. निदानाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. औष्णिक हेडमधला तापक जळाला, तर ते नोझल कितीही साफ केले तरी परत येत नाही. मात्र अशी हेड अनेकदा कार्ट्रिजबरोबरच बदलली जातात किंवा सुटी मिळतात. पिझो हेड सहसा यंत्रातच पक्के बसवलेले असते आणि ते बदलण्याचा खर्च कधीकधी नव्या प्रिंटरच्या जवळ जातो. त्यामुळे तेथे घाई परवडत नाही.

पहिली पायरी संगणक बाजूला ठेवण्याची. प्रिंटर स्वतःच छापतो ते नोझल तपासणीचे पान काढावे. त्यावर प्रत्येक रंगाची जाळी किंवा पट्टी असते. ती अखंड असेल आणि तरी फोटो बिघडलेला येत असेल, तर शाईचा मार्ग बराचसा निर्दोष ठरतो व शोध कागदाची निवड, ड्रायव्हर, हेडची जुळणी यांकडे वळवावा. जाळीत खंड असतील, तर कोणत्या रंगात आणि नेमके कुठे, ते लिहून ठेवावे. साफ केल्यावर खंडांची जागा बदलत राहिली, तर हवा शिरल्याची शंका घ्यावी. ते एकाच जागी ठाम राहिले, तर शाई सुकलेली असते किंवा नोझल निकामी झालेले असते. साफ करण्याआधीचे आणि नंतरचे अशी दोन पाने शेजारी ठेवून पाहण्यातून जेवढे कळते, तेवढे दुसऱ्या कोणत्याही एका चाचणीतून कळत नाही.

हेड आडवे धावत असल्याने बंद नोझलाची पांढरी रेघ कागद सरकण्याच्या दिशेला आडवी उमटते. आडव्या मांडणीचा मजकूर छापताना संगणक तो वळवून पाठवतो. अशा पानावर हीच रेघ वाचणाऱ्याला उभी दिसते. म्हणून दिशा ठरवताना पान प्रिंटरमधून बाहेर आले तसेच धरावे. खरी उभी रेघ नोझलामुळे क्वचितच येते. ती फक्त झेरॉक्स काढतानाच येत असेल, तर स्कॅनरची काच पाहावी. कागद आपोआप ओढून घेणाऱ्या फीडरच्या बाजूला काचेची एक अरुंद पट्टी असते. तिच्यावरचा शाईचा किंवा व्हाइटनरचा एक कण पानभर सरळ रेघ ओढतो.

सगळ्या रंगांत, ठरावीक अंतराने येणारे पट्टे कागदाच्या सरकण्याशी जोडलेले असतात. कागद जास्त सरकला, तर दोन फेऱ्यांच्या मध्ये फिकट फट राहते. कमी सरकला, तर फेऱ्या एकमेकींवर चढून गडद पट्टा पडतो. रोलरवर धूळ साचणे, किंवा जाड कागद घालून सेटिंगमध्ये साधा कागद ठेवणे, ही त्याची नेहमीची कारणे. डाग समान अंतराने येत असतील, तर ते अंतर मोजावे: ते दोषी रोलरच्या परिघाएवढे असते. चकचकीत कागदावर ओळीने दिसणारे बारीक टोचे मात्र कागद बाहेर ढकलणाऱ्या दातेरी चाकांचे असतात.

अक्षरांच्या किंवा तक्त्यांच्या उभ्या रेघा दुहेरी अथवा करवतीसारख्या दिसत असतील, तर हेड जाताना आणि येताना टाकत असलेले थेंब जुळत नसतात. ड्रायव्हरमधील दुतर्फा किंवा वेगवान छपाई बंद करून तेच पान काढावे; रेघ सरळ आली, तर हेड अलाइनमेंट करणे पुरते. तरीही ती डळमळली, तर हेडच्या मार्गाला समांतर ताणलेली पारदर्शक एनकोडर पट्टी तपासावी. हेड आपली जागा या पट्टीवरच्या सूक्ष्म रेघांवरून ओळखते. तिच्यावर शाई किंवा वंगण लागले, तर छपाई सरकते, काही वेळा हेड कडेला आदळते. पट्टी हलक्या ओल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी, ओढू नये.

रंग बदलल्यास कोणता रंग गळाला आहे, ते बहुधा फोटोच सांगतो. मॅजेंटा नसेल तर चेहरे हिरवट होतात, पिवळा नसेल तर चित्र निळसर-जांभळे पडते, सायन नसेल तर निळे आकाश गुलाबीकडे झुकते. तिन्ही जाग्यावर असून रंग मळकट येत असतील, तर कागद पाहावा. फोटो पेपरला सहसा एकाच बाजूला लेप असतो. उलट्या बाजूवर शाई साचून फरकटते. अनेक घरगुती प्रिंटरांत काळी शाई रंगकणांची आणि बाकीच्या विद्राव्य रंगांच्या असतात. चकचकीत कागद घालून ‘साधा कागद’ ही निवड तशीच ठेवली, तर ही काळी शाई पृष्ठभागावर बसते आणि बोटाने पुसली जाते. हा दोष यंत्राचा नव्हे.

पानाचा वरचा भाग ठसठशीत आणि खालचा विरत जाणारा असेल, तर नोझल मोकळी असून त्यांना शाई पुरत नाही. नव्या कार्ट्रिजवरची हवेच्या छिद्राची चिकटपट्टी काढायची राहणे, टाकीतील शाई खालच्या खुणेखाली जाऊन नळीत हवा शिरणे, प्रिंटर आडवा करून नेणे, ही कारणे आधी तपासावीत.

महाराष्ट्रातल्या घरांत दोन कारणे वारंवार आढळतात. कोकणातल्या पावसाळ्यात उघडा ठेवलेला कागद ओलावा धरून वाकतो, त्याच्या कडा हेडला घासतात आणि काठावर काळे फराटे उठतात. रिम पिशवीत बंद ठेवल्यास हा त्रास टळतो. दुसरे कारण भिंतीवरचे बटण. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला, की हेड कडेच्या रबरी टोपीवर जाऊन बसते व नोझल झाकली जातात. छपाई चालू असताना वीज गेली, किंवा बोर्डावरूनच बटण बंद केले, तर हेड उघडे राहते. विदर्भातल्या उन्हाळ्यात असे उघडे हेड लवकर सुकते. वीज परत आल्यावर प्रिंटर एकदा सुरू करून रीतसर बंद करावा.

हेड क्लीनिंगची पाळी येते ती या तपासण्यांनंतर. प्रत्येक वेळी तपासणीचे पान काढून तुलना करावी आणि दोन-तीन फेऱ्यांत सुधारणा नसेल, तर थांबावे. टाकीच्या प्रिंटरला बारा तास विसावा दिल्यास सुकलेली शाई ओलावते व हवेचे बुडबुडे सुटण्यास वेळ मिळतो. हेड जोडलेली कार्ट्रिज काढून कोमट पाण्याने किंचित ओलावलेल्या टिश्यूवर काही सेकंद टेकवावी; शाईची सलग पट्टी उमटली, तर मार्ग मोकळा आहे. तांब्याच्या संपर्कबिंदूंना बोट लावू नये, सुई किंवा टाचणी नोझलांजवळ नेऊ नये. साफसफाईत खेचलेली शाई यंत्राच्या तळातील शोषक पॅडमध्ये जमा होते. प्रिंटर तिचा हिशेब ठेवतो आणि मर्यादा गाठली, की छपाई थांबवतो. पॅड न बदलता केवळ हा आकडा शून्यावर आणला, तर शाई खालून झिरपून टेबलावर येते.