घोड्याचे नाव सयाजीराव

'घोडामैदान जवळच आहे' असे आपण कडोलीकर सहज बोलून जातो. निवडणूक असो, दहावीचा निकाल असो की जत्रेतली शर्यत, फुशारकी मारणाऱ्याला गप्प करायला एवढे एक वाक्य पुरते. पण शर्यतीचा घोडा विकत घेताना मैदान जवळ नसते, ते एक-दोन वर्षे लांब असते. घेणारा शिंगराचे आई-बाप पाहतो, पाय, छाती आणि चाल पाहतो आणि उरलेले नशिबावर सोडतो. खिलार खोंड पारखणाऱ्या आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. अशाच एका शिंगराची हकिकत या लेखात आम्ही सांगणार आहोत. ते जन्मले इंग्लंडात, पण त्याला नाव मिळाले अस्सल मराठी.

हे शिंगरू १९४४ सालचे. बाप नेअर्को, आई रोझी लेजंड. त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाने, दांतेने, १९४५ ची इंग्लिश डर्बी जिंकली आणि धाकट्याचा भाव एकदम चढला. त्याच वर्षी न्यूमार्केटच्या लिलावात बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्यासाठी ते २८,००० गिनींना घेतले गेले. एका वर्षाच्या शिंगराला इतकी किंमत तोवर तिथे कोणी दिली नव्हती. गिनी म्हणजे २१ शिलिंग. तेव्हाच्या दराने हिशेब केला तर सुमारे ३ लाख ९२ हजार रुपये होतात, आणि शिंगरू अजून एकदाही शर्यतीत धावलेले नव्हते. पाण्यात म्हैस आणि वर मोल, दुसरे काय! महाराजांनी त्याला आपल्या आजोबांचे नाव दिले, सयाजीराव.

हे आजोबा कोण, हे आपल्याला ठाऊक आहे. नाशिककडच्या कवळाणे गावचा गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, बडोद्याच्या गादीवर दत्तक घेतला गेला. तीही एक निवडच होती. चांगले शिक्षक देऊन त्याला घडवण्यात आले आणि त्या निवडीचे फळ साऱ्या देशाने पाहिले. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये आपल्या राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, गावोगाव ग्रंथालये काढली. १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. तिची बेरीज होते ४१४ पौंड. नातवाच्या शिंगराची किंमत होती २९,४०० पौंड, म्हणजे तशा सत्तर शिष्यवृत्त्यांच्या बरोबरीची. मधल्या दोन महायुद्धांत पौंड बराच स्वस्त झाला होता हे धरले, तरी हा हिशेब बोलका आहे.

घोडा मात्र नावाला जागला. त्याच्या यशात ऑस्ट्रेलियाचाही वाटा होता आणि त्या देशाशी आपला घोड्यांचा व्यवहार फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी फौजेला घोडे कमी पडू लागले, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्समधून ते जहाजाने कलकत्ता, मद्रास आणि मुंबईला उतरू लागले. वेल्सवरून त्यांना 'वेलर' म्हणत. छावणी आली की तिच्यामागून शर्यतीचे मैदानही येई. पुण्याचे वानवडीचे मैदान १८३० चे आणि मुंबईचे महालक्ष्मीचे १८८३ चे. आपल्या बेळगावात कॅम्पाकडचा एक भाग आजही रेसकोर्स म्हणूनच ओळखला जातो.

घोड्यांपाठोपाठ जॉकीही आले. ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट हा त्यांतला एक. १९४३ साली मुंबईत पहिली इंडियन डर्बी झाली. ती बडोद्याच्या राजघराण्याच्या प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने जिंकली आणि तिच्यावर स्वार होता ब्रिट. पुढे तो बडोद्याच्या घोड्यांसाठी इंग्लंडात गेला. १९४७ मध्ये आपला सयाजीराव टू थाउजंड गिनीज आणि इंग्लिश डर्बी या दोन्ही शर्यतींत तिसरा आला. मग त्याने आयरिश डर्बी मारली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात, भारत स्वतंत्र होऊन महिनाही उलटला नसेल, डॉनकास्टरच्या मैदानावर त्याने सेंट लेजर जिंकली. १७७६ पासून चालत आलेली ही लांब पल्ल्याची मानाची शर्यत. स्वार अर्थात ब्रिट. ज्या राजाने इंग्रज रेसिडेंटांपुढे आयुष्यभर मान ताठ ठेवली, त्याचे नाव त्या दिवशी इंग्रज प्रेक्षकांच्या तोंडी होते.

पण इथे देशात घोडामैदान खरोखरच जवळ आले होते. संस्थाने विलीन होत होती. राज्याच्या तिजोरीतून महाराजांनी काढलेल्या रकमांचे हिशेब निघाले. १ मे १९४९ रोजी बडोदा मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांची मान्यता काढून घेऊन त्यांचे चिरंजीव फत्तेसिंहराव यांना महाराज म्हणून मान्यता दिली. न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विलीनीकरणाच्या आदल्याच दिवशी, ३० एप्रिल १९४९ ला, बडोद्यात विद्यापीठ स्थापन झाले. त्यालाही याच नातवाने आजोबांचेच नाव दिले, महाराजा सयाजीराव विद्यापीठ. एकाच माणसाने एकच नाव चार-पाच वर्षांच्या अंतराने एका घोड्याला दिले आणि एका विद्यापीठाला दिले. एकाच कारकिर्दीतल्या या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवूनच त्या माणसाकडे पाहावे, असे आम्हाला वाटते.

घोड्यांचे पुढे काय झाले? सयाजीराव आयर्लंडमध्ये महाराजांच्याच बरोडा स्टडवर राहिला. त्याच्या ग्लॅडनेस या मुलीने १९५८ चा अ‍ॅस्कट गोल्ड कप जिंकला, तर इंडियाना या मुलाने १९६४ ची सेंट लेजर. महाराजांचा दुसरा घोडा माय बाबू. त्याने १९४८ ची टू थाउजंड गिनीज जिंकली होती. त्याचा बेटर बॉय नावाचा मुलगा ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथे चार वेळा वर्षाचा सर्वोत्तम वळू घोडा ठरला. बेटर बॉयचा मुलगा सेंच्युरी, सेंच्युरीचा रुबिटन. रुबिटनने १९८७ चा कॉक्स प्लेट जिंकला आणि त्याच्या फील्ड्स ऑफ ओमा या मुलाने तोच चषक २००३ आणि २००६ अशा दोन वेळा नेला. वेलरच्या जहाजांनी घोडे इकडे आणले. पुढे मराठी राजाच्या निशाणाखाली धावलेल्या घोड्याचे रक्त तिकडे गेले आणि साठ वर्षांनीही मैदान मारत राहिले. बडोदा हे नाव तिथल्या किती जणांना माहीत असेल, हा वेगळा प्रश्न.

आपल्यातल्या अनेकांची मुले-नातवंडे आज मेलबर्न-सिडनीत आहेत. नोव्हेंबरातल्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कपासाठी त्यांतल्या मेलबर्नकरांना सुट्टी मिळते, म्हणून तिथली आजची गोष्टही सांगतो. तिथे सगळ्या शिंगरांचा वाढदिवस एकच, १ ऑगस्ट. दोन वर्षांच्या घोड्यांसाठी १९५७ पासून गोल्डन स्लिपर ही १२०० मीटरची शर्यत आहे आणि २०१७ पासून तितक्याच अंतराची द एव्हरेस्ट सुरू झाली आहे. बक्षिसे प्रचंड. त्यामुळे लवकर तयार होणारा, थोडे अंतर वाऱ्यासारखा कापणारा घोडाच सगळ्यांना हवा असतो. ३२०० मीटरच्या मेलबर्न कपासाठी लागणारा दमाचा घोडा मात्र बऱ्याचदा युरोपातून आणावा लागतो. आणि जी शिंगरे नावाला जागत नाहीत त्यांचे काय? २०१९ मध्ये तिथल्या सार्वजनिक वाहिनीने निवृत्त शर्यती घोडे कत्तलखान्यात जाताना दाखवले, तेव्हा सारा देश हादरला. त्यानंतर निवृत्त घोड्यांच्या देखभालीचे नियम आणि निधी यांची चर्चा जोरात सुरू झाली.

आपल्याकडेही शर्यती आहेत. जत्रेत बैल पळतात, घोडागाड्या पळतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने नियमांसह त्यांना मान्यता दिली. हौसेला मोल नसते हे आम्हालाही पटते. पण शर्यतीत हरलेल्या जनावराला पुढच्या पावसाळ्यात वैरण कोण घालतो, यावरून मालकाची पारख होते.

गावाचेही तसेच आहे. कवळाण्याचा गोपाळ बाराव्या वर्षी निवडला गेला, म्हणून तो सयाजीराव झाला. निवडलाच गेला नसता तर तो शेतात राबला असता आणि कुणाला कळलेही नसते. आपल्या कडोलीच्या शाळेत आज सातवीच्या बाकावर बसलेल्या मुलांत असा कोण आहे, हे शोधायला लिलाव लागत नाही. यंदाच्या वर्गणीचा हिशेब मांडताना मंडळांनी एक ओळ त्या मुलांसाठी ठेवावी, एवढीच आमची गणरायाच्या साक्षीने विनंती.